सॉसच्या डब्यापासून सुरू झालेली देवघेव

जुने कपडे देऊन बोहारणीकडून पातेलं घेतलेलं तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. कॅनडातल्या टोरांटोत २०१३ साली अशीच देवघेव फेसबुकवर सुरू झाली. एका तरुणीकडे पास्ता होता, सॉस नव्हता आणि खिशात पैसेही नव्हते. तिने एक गट काढला. त्यात पैशाला मज्जाव! पुढे त्याचंच ‘बंझ’ हे अ‍ॅप झालं.

पण खरी गाठ पुढेच आहे. माझी कुंडी तुम्हाला हवी, तुमचा मिक्सर मला नको. मग सौदा जुळणार कसा? टोरांटोकरांनी सबवेची, म्हणजे भुयारी रेल्वेची, टोकनंच चलनासारखी वापरली. हे मला फार आवडतं, कारण टोकन तेव्हा सगळ्यांच्याच उपयोगाचं होतं. आणि अदलाबदल? तीही बऱ्याचदा सबवे स्थानकावरच व्हायची, भर वर्दळीत.