टपालाने आलेले अंडे : जोखीम कोणाची?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाच्या भावावर आणि ज्वारीच्या खरेदीवर बोलणारे आज पुष्कळ आहेत. मला अंड्यावर बोलायला सांगितले आहे. हसू नका. पाऊस दडी मारतो आणि घरात पैसा नसतो, तेव्हा आठवडी बाजारातून तेलमीठ कशावर येते? घरातल्या बाईने डालग्याखाली झाकून ठेवलेल्या कोंबडीवर येते. ही कोंबडी सातबाऱ्यावर नाही आणि बँकेच्या कागदावरही नाही. म्हणून तिच्या नावाने होणारे नुकसानही कोणी मोजत नाही.

मी मुंबईला परळमध्ये राहतो. दादरला पार्सले बांधण्यात माझी बरीच वर्षे गेली. गिरगाव, दादर, लालबाग इथली माणसे खातात ती अंडी मुंबईत होत नाहीत. ती गावाकडून येतात. तुमचा कापूसही असाच परळ-लालबागच्या गिरण्यांत यायचा आणि कापड होऊन परत जायचा. १९८२ च्या संपानंतर एकेक करून गिरण्या बंद पडल्या, तो रस्ता संपला. आता एक उलटा रस्ता सुरू झाला आहे. खाण्याचे अंडे मुंबईला जाते आणि उबवणीचे अंडे, म्हणजे कोंबडीचे बियाणे, खोक्यात बसून शहरातून गावाला येते. कडकनाथ, असील, गिरिराज अशी नावे सांगायची, आगाऊ पैसे घ्यायचे आणि खोके टपालाने किंवा कुरिअरने रवाना करायचे.

झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले तसा बाजारही तापला. २०१९ साली कडकनाथच्या करारात सांगली-कोल्हापूरकडच्या आणि इतरही जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले आहे. जातीत खोट नव्हती. जोखीम सगळी शेतकऱ्याच्या पदरात टाकून व्यवहार उभा केला होता, खोट तिथे होती. टपालाच्या अंड्यातही नेमके हेच होते. खोके येते, २१ दिवस जातात, पिल्लू निघत नाही. विकणारा म्हणतो, तुमच्या कोंबडीने नीट ऊब दिली नाही. कुरिअरवाला म्हणतो, खोके फुटलेले नव्हते. आणि बाई गप्प बसते.

आपण बियाणे घेतो तेव्हा पिशवीवर उगवणशक्ती पाहतो. १९६६ च्या बियाणे कायद्यापासून ती छापावी लागते. ज्वारीच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७५ टक्के उगवण लागते. तरीही आपण गोणपाटात १०० दाणे गुंडाळून घरी मोजून पाहतो, कारण दुबार पेरणीचा खर्च आपल्यालाच बसतो. अंड्याच्या खोक्यावर असे काहीही छापलेले नसते. म्हणून अंडे तपासायला आपणच शिकले पाहिजे.

आधी अंड्यात काय असते ते पाहू. कोंबडी अंडे घालते तेव्हा आतला अंकुर जिवंत असतो. तिच्या पोटात तो दिवसभर वाढलेला असतो. बाहेर आल्यावर थंडावा मिळाला की तो झोपतो. साधारण २० ते २१ अंशांच्या खाली त्याची वाढ थांबते. १५ ते १८ अंशांत ठेवलेले अंडे आठवडाभर चांगले राहते, पुढे दिवसागणिक त्याचा कस उतरतो. अंड्याच्या रुंद टोकाला हवेचा कप्पा असतो. पिल्लू बाहेर पडण्याआधी पहिला श्वास तिथे घेते. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात आणि त्यांवर एक पातळ साय असते, ती रोगजंतूंना अडवते. अंडे धुतले की ती साय जाते.

आता हे अंडे प्रवासाला निघाले असे समजा. मुंबईच्या एखाद्या टपाल कचेरीत खोके दिले. तिथून ते गोणीत, गोणीतून गाडीत, गाडीतून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला आणि मग गावाला. प्रत्येक ठिकाणी ते उचलले जाते आणि टाकले जाते. कवच फुटत नाही, पण हवेच्या कप्प्याचा पडदा सुटतो आणि हवेचा बुडबुडा अंड्यात फिरू लागतो. बाहेरून काहीच दिसत नाही.

दुसरा शत्रू उन्हाळा. २७-२८ अंशांत झोपलेला अंकुर अर्धवट जागा होतो, धड वाढत नाही, अशक्त होऊन मरतो. मग मे महिन्यात भुसावळच्या पुढे तापलेल्या डब्यात काय होत असेल, ते तुम्हाला सांगायला नको. तिसरा शत्रू मुंबईचा पावसाळा. गार खोलीतले अंडे दमट हवेत काढले की त्याला घाम येतो आणि त्या ओलीबरोबर जंतू छिद्रांतून आत शिरतात.

म्हणून टपालाने मागवायचेच असेल तर दिवाळी ते महाशिवरात्र या काळात मागवा. खोके आठवड्याच्या सुरुवातीला निघाले पाहिजे, नाहीतर रविवारी ते कुठेतरी पडून राहते. पोहोचले की घरी येण्याची वाट पाहू नका, कचेरीतून स्वतः आणा. आणि लालबाग-परळला राहणारा कोणी नातेवाईक दिवाळीला गावी येत असेल, तर दादरहून रात्रीच्या गाडीने मांडीवर आणलेले अंडे सगळ्यात सुखरूप येते. त्याला कुठले टपाल पुरे पडत नाही.

बांधणी कशी असावी? प्रत्येक अंडे कागदात वेगळे गुंडाळलेले आणि रुंद टोक वर. मधल्या जागेत भाताचा तूस, लाकडाचा भुसा किंवा कागदाचे बोळे घट्ट भरलेले. नुसता कापूस भरू नये, तो दबतो आणि अंडी हलू लागतात. हे खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात, चारी बाजूंनी भरण घालून. कानाशी धरून हलवले तर आवाज येता कामा नये. वरून प्लास्टिक गुंडाळून हवा कोंडू नये, अंडे श्वास घेते.

खोके आल्यावर घाई करू नका. अंडी धुवू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका. सावलीच्या गार खोलीत रुंद टोक वर करून १२ ते २४ तास विसावू द्या. मग संध्याकाळी खुडूक कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवा. यंत्र असेल तर ३७.५ अंश ऊब, १८ दिवसांपर्यंत दिवसातून काही वेळा फिरवणे आणि शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवणे, हा नियम आहे. हवेचा कप्पा सुटलेला दिसला तर पहिले काही दिवस अंडी फिरवू नका. जिथे वीज केव्हाही जाते तिथे यंत्रापेक्षा रवणीला बसलेली कोंबडी भरवशाची.

आता मुख्य गोष्ट. दोष कोणाचा, हे अंडेच सांगते. आल्या दिवशी एक अंडे बशीत फोडा. बलकावर नुसता पांढरा भरीव ठिपका असेल तर ते फळलेलेच नाही. ठिपक्याभोवती गोल कडे दिसले तर ते फळलेले आहे. एका अंड्यावरून सगळ्यांचा निकाल लागत नाही, पण अंदाज येतो. सातव्या दिवशी अंधारात विजेरीसमोर अंडी धरा. जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर अंकुर वाढतो आहे. लाल वळे दिसले तर तो वाढायला लागून मेला. अगदी स्वच्छ दिसणारी अंडी फोडून तोच ठिपका पाहा. बहुतेक अंड्यांत भरीव ठिपका असेल तर विकणाऱ्याकडे कोंबडे कमी होते किंवा निकामी होते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा लागतो. फळलेली अंडी सुरुवातीलाच मेली असतील तर ती शिळी होती किंवा वाटेत तापली. पूर्ण वाढलेली पिल्ले कवचात मेली असतील तर आपल्या उबेत किंवा ओलाव्यात काही कमी पडले असण्याचा संभव जास्त. असा निवाडा हातात असला की कोणी आपल्याला गप्प बसवू शकत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या : अंडी कोणत्या तारखांची, किती कोंबड्यांमागे किती कोंबडे, बांधणी कशी, आणि सातव्या दिवशी फळलेली नाहीत असे ठरलेल्या अंड्यांचे काय. चांगली अंडी नीट बांधून आली तरी दूरच्या प्रवासात निम्मी पिल्ले निघाली तर समाधान माना, आणि भाव त्या हिशेबानेच ठरवा. डझनाला बाराचा भाव द्यायचा आणि सहा पिल्ले मिळवायची, तर पिल्लू दुपटीने महाग पडले.

रोगाचेही भान ठेवा. पांढऱ्या हगवणीचा जंतू आजारी कोंबडीच्या अंड्यातून पिल्लात उतरतो. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ च्या जानेवारीत तो परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला निघाला. अशा बातम्या असताना कुठूनही अंडी मागवू नका. नवी पिल्ले जुन्या कोंबड्यांत लगेच मिसळू नका आणि मानमोडीची लस चुकवू नका.

अमेरिकेत १९१८ पासून एका दिवसाची पिल्ले टपालाने जातात. पिल्लू निघताना बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर दोन-तीन दिवस तगते, म्हणून ते जमते. पिल्लू मेलेले आले तर लगेच दिसते. अंडे मेलेले आले तर तीन आठवडे कळत नाही, फरक एवढाच आहे. आपल्याकडे पिल्ले टपालाने येत नाहीत. पण पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तशीच महाविद्यालये परभणी, उदगीर आणि नागपूरलाही आहेत. आधी तिथे चौकशी करा. जितका प्रवास कमी, तितके पिल्लू स्वस्त.

या बैठकीतून घरी गेल्यावर ही माहिती घरातल्या बाईला सांगा. कोंबडी तिची आहे, तेव्हा सौदाही तिलाच ठरवू द्या.

एवढे बोलून थांबतो.