अंधारखोलीतले हात



आमचा धंदा गेटसभेत बोलण्याचा. तेथे समोरचा माणूस पाळी सुटून घरी निघालेला असतो. दोन मिनिटांत त्याला थांबविता आले नाही, तर तो गाडीला किक मारून चालू लागतो. आपण मात्र दिवसभराचे ऊन सोसून गोदाकाठी मुद्दाम ऐकावयास आला आहात, त्यामुळे आमच्यावरची जबाबदारी वाढली आहे. व्याख्यानमालेच्या चालकांना वाटले होते, आम्ही कामगार कायद्यावर बोलू. आम्ही त्यांना म्हटले, कायद्यावर बोलतच असतो. एकदा आमच्या छंदावर बोलू द्या. तो छंद म्हणजे फोटोग्राफी.

आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात. १८४० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने आमच्यासारख्या किती अर्धशिक्षितांना पदरात घेतले असेल, कोण जाणे! फोटोग्राफीचे पहिले पुस्तक आम्ही तेथेच वाचले. आधी पुस्तक वाचले, कॅमेरा मागाहून आला. सातपूरच्या कारखान्यांतील आम्ही सहा-सात जणांनी वर्गणी काढून जुना ‘आगफा क्लिक थ्री’ घेतला. एका रोलवर बारा फोटो. माणशी दोनही धड येत नसत. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी प्रत्येक जण इतका विचार करी की, समोरचा माणूस कंटाळून हसणे सोडून देई. पुढे एका मित्राने रशियन बनावटीचा ‘झेनिट’ पैदा केला. तो गळ्यात घालून ब्रह्मगिरी चढलेल्या माणसाची मान दोन दिवस दुखत असे. पण त्याचा पहिला स्पष्ट फोटो पाहिला आणि मान दुखण्याचे दुःख राहिले नाही.

फोटो काढणे ही या छंदाची सोपी बाजू. खरी शाळा भरे ती रात्री, स्वयंपाकघरात. दुसरी पाळी संपवून आल्यावर खिडकीला घोंगडी लावावयाची, दाराच्या फटीत चादर कोंबावयाची, आणि गोधडीखाली हात घालून केवळ स्पर्शाने रोल डब्यात भरावयाचा. रोलला लाल दिवाही चालत नाही. फोटोचा ब्रोमाइड कागद लाल उजेडाला बधत नाही, म्हणून छपाईच्या वेळी तो दिवा लावता येतो. औषध आम्ही घरीच करीत असू. ‘डी-७६’ या नावाचे प्रसिद्ध सूत्र आहे: एक लिटर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स, म्हणजे आपला टाकणखार. पहिल्या खेपेस आम्ही सगळे सल्फाइट आधी ओतले आणि मग मेटॉल काही केल्या विरघळेना. क्रम चुकला की सारे फुकट जाते, हे संघटनेच्या कामातही खरे आहे; पण आम्ही ते प्रथम शिकलो टाकणखाराच्या संगतीत.

औषधाला पाणी पाहिजे २० अंशांचे. आपल्याकडे वैशाखात रात्रीसुद्धा नळाचे पाणी त्याहून कितीतरी गरम असते. बर्फ औषधात टाकावयाचा नाही. औषधाचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवावयाचे. आणि शेवटी धुणे. हायपो कागदात राहिला तर काही वर्षांत चित्र पिवळे पडते, म्हणून वाहत्या पाण्यात भरपूर धुवा, असे पुस्तक सांगे. पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी नळाला चोवीस तास पाणी असावे! आमच्याकडे ते पहाटे तासभर येई. ते भरून ठेवी आमची पत्नी. एके रात्री सगळे पिंप रिकामे झाल्यावर ती एवढेच म्हणाली, “तुमचा एक फोटो म्हणजे माझ्या तीन बादल्या.” आम्ही हसलो. पुढे रोल धुण्याची काटकसरीची रीत सापडली: डबा पाण्याने भरून पाच वेळा उलटसुलट करावयाचा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. रोल तेवढ्या पाण्यात स्वच्छ होतो. परंतु तिचे वाक्य काही धुऊन निघाले नाही. आज जे सांगावयाचे आहे, त्याचे मूळ त्या तीन बादल्यांत आहे.

आपल्या नाशिकचेच उदाहरण घेऊ. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ साली नाशकात वारले. चित्रपट काढण्यापूर्वी ते फोटोग्राफर होते. गोध्र्यास त्यांचा स्टुडिओ होता. १९१२ साली ते लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. कच्ची फिल्म येई ती कडेच्या छिद्रांवाचून. छिद्रे पाडावयाची घरी, अंधारात. हे काम शिकून घेतले सरस्वतीबाईंनी. दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. रात्री फिल्मला छिद्रे पाडणे, औषधे कालविणे आणि फिल्म धुणे. आम्ही पडलो कामगार संघटनेचे. कामाचा हिशेब मांडल्याशिवाय आम्हांला झोप येत नाही. या फिल्मला एका फुटात एका कडेस ६४ छिद्रे असतात. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा. म्हणजे एका कडेची छिद्रे झाली २,३६,८००, आणि दोन्ही कडांची पावणेपाच लाखांच्या घरात. वाया गेलेली फिल्म आणि वाढीव प्रती यांचा हिशेब वेगळाच. यंत्राच्या एका दाबात ती कितीही पडत असोत, अंधारात ते यंत्र चालविणारे हात कोणाचे तरी होतेच. त्याच वर्षी फाळक्यांनी बिऱ्हाड नाशकास हलविले. दादासाहेबांच्या नावे सरकार १९६९ पासून पुरस्कार देते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या छिद्रांना पुरस्कार नाही.

फाळके स्मारक उभे आहे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी. तेथून पायऱ्या चढून आम्ही मंडळी अनेकदा लेण्यांत गेलो. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याचा फोटो आम्ही प्रथम समोरून झगझगीत उजेड टाकून काढला आणि हाती आली कोरी भिंत. समोरून येणारा प्रकाश अक्षरांच्या खाचा बुजवून टाकतो. मग एकाने घरचा दाढीचा आरसा आणला, बाहेरचे ऊन त्यात धरले आणि भिंतीला जवळजवळ चिकटून ते आडवे सोडले. खाचांत सावल्या भरल्या आणि सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची अक्षरे वर आली. त्या लेखात काय आहे ठाऊक आहे? तीन हजार कार्षापणांची ठेव. ती ठेवली कोणाकडे? सावकाराकडे नव्हे, तर गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे! एकीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे एक हजार, पाऊण टक्क्याने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४०. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. हिशेब चोख जुळतो. कष्टकऱ्यांच्या संघटनेची पत इतकी मोठी होती की, राजाचा जावई तिच्यापाशी पैसा ठेवी. आम्हांला अभिमान वाटला. पण फोटो छापून टेबलावर ठेवला, तेव्हा ध्यानात आले की, या लेखात दात्याचे नाव आहे, त्याच्या सासऱ्याचे आहे. विणकराचे एकाचेही नाही.

आता आमच्यावर बेतलेली गोष्ट सांगतो. कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. एरवी आत कॅमेरा नेता येत नाही. त्या दिवशी कोणी हटकत नाही. एका कारखान्यात पॉवर प्रेसला झेंडूची माळ घातली होती आणि तिच्यापुढे पाळीतली मंडळी फेटे बांधून उभी राहिली. आम्ही फोटो काढला. पुढे तीन आठवड्यांनी त्याच प्रेसवर एका पोराची दोन बोटे गेली. मालकांचे म्हणणे पडले की, यंत्राला गार्ड बसविलेला होता. पोराने तो स्वतःच काढला. हे म्हणणे लहान नव्हे. मुद्दाम गार्ड काढणाऱ्या कामगाराला भरपाई नाकारता येईल, अशी तरतूद १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात होती. आम्ही ती निगेटिव्ह काढली आणि मागच्या यंत्राचा तेवढाच कोपरा मोठा करीत गेलो. दुधी डब्यापासून घरी केलेले आमचे एन्लार्जर. चित्राचे दाणे ज्वारीएवढे दिसू लागले. पहाटे तीनच्या सुमारास तबकात तो कोपरा उमटला. माळेखाली गार्ड तर नव्हताच, पण तो बसविण्यासाठी लागणारी भोकेही पाडलेली नव्हती. तो कागद सुनावणीत ठेवला आणि पोराला भरपाई मिळाली.

येथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण आम्हांला जिंकण्याची धुंदी चढली. आम्ही त्या पोराच्या पट्टी बांधलेल्या हाताचाही फोटो काढला होता. तो दोन फुटांचा करून, खाली सुरक्षिततेची घोषणा लिहून, संघटनेच्या फलकावर गेटपाशी लावला. चौथ्या दिवशी पोरगा आला. म्हणाला, “दादा, हात माझा होता. तो भिंतीवर टांगताना मला एका शब्दानं विचारलंत का? परवा मुलीकडची माणसं येऊन गेली. येता येता त्यांनी तो गेटवर पाहिला.”

आम्ही कामगारांचे पुढारी! कामगाराच्या श्रमाचे मोल त्याला न विचारता कोणी ठरवू नये, असे आयुष्यभर ओरडून सांगणारे. आणि त्याच्या दुःखाचे मोल आम्ही त्याला न विचारता ठरविले होते. त्याला देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते. फोटो उतरविला, निगेटिव्ह त्याच्या हाती दिली. जुन्या काळी लोक म्हणत, फोटो काढला की आयुष्य कमी होते. फाळक्यांच्या बडोद्याच्या स्टुडिओलाही त्या समजुतीची झळ लागल्याचे सांगतात. आम्ही वर्षानुवर्षे या अडाणीपणाला हसत आलो. त्या दिवसापासून हसत नाही. फोटो माणसाचे आयुष्य घेत नसेल. पण त्याच्यापासून काहीतरी घेतो खास.

श्रोतेहो, आता अंधारखोली गेली. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून ‘इंदू’ छापाची फिल्म निघे. तेथेही फिल्मवर थर चढविण्याचे काम अंधारातच चाले. आम्ही त्यांना कधी पाहिले नाही, पण आमच्या दर फोटोवर त्यांचे हात होते. तो कारखाना बंद पडला. अमेरिकेतल्या बलाढ्य कोडॅक कंपनीने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि त्याला ना टाकणखार लागतो, ना तीन बादल्या. आम्ही त्यावर रडणारे नाही. गरिबाच्या हाती कॅमेरा आला, याचा आम्हांला आनंदच आहे. परंतु अंधारात कष्ट होते, तेव्हा बटण दाबण्यापूर्वी माणूस थबकत असे. ते थबकणे तेवढे जाऊ देऊ नका.

अमेरिकेत लुईस हाइन नावाचे एक शिक्षक होते. १९०८ पासून ते गिरण्या आणि खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढीत हिंडले. मुलाची उंची ते स्वतःच्या बंडीच्या गुंड्यांवरून मोजीत, आणि नाव, वय, काम हे सारे टिपून ठेवीत. बालमजुरीविरुद्धच्या लढ्याला त्या फोटोंनी बळ दिले, ते नुसत्या चेहऱ्यांच्या जोरावर नव्हे, तर त्या टिपणांच्याही.

म्हणून जाता जाता एक काम सांगतो; कामगार पुढाऱ्याला काम सांगितल्याशिवाय बसवत नाही. आज घरी गेल्यावर ट्रंकेतला जुन्या फोटोंचा डबा काढा. घरातील सर्वांत वडील माणसाशेजारी बसा. प्रत्येक चेहऱ्याचे नाव विचारा आणि मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, फोटोच्या पाठीवर कडेला लिहा; बॉलपेनने नको, त्याचा वळ पुढच्या बाजूस उठतो. कडेला अर्धवट आलेली मोलकरीण, मागे उभा असलेला गडी, यांचीही नावे विचारा. आणि उद्या कोणाचा फोटो काढाल, तर आधी त्याला विचारा.

आमच्या घरी असा डबा आहे. त्यातील शेकडो फोटोंच्या पाठीवर आम्ही मोठ्या ऐटीने स्वतःचे नाव घातले होते. गेल्या वर्षी ते सगळे फोटो पुन्हा बाहेर काढले, आणि प्रत्येक नावाखाली पेन्सिलीने आणखी एक नाव लिहिले. पाणी भरणारीचे.