वाटा आणि रस्सा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून इतिहास, धर्म, अर्थकारण, राजकारण यांवर पुष्कळ बोलले गेले. तेथे आम्ही मटणाचा विषय घेऊन उभे राहिलो, म्हणून कोणाच्या कपाळाला आठी पडली तर ती आम्हांला समजण्यासारखी आहे. परंतु अर्थशास्त्र म्हणजे तरी काय? कोणाच्या पानात काय पडते याचाच तो हिशेब. आम्ही तो चुलीपासून मांडणार आहोत, इतकेच.

प्रथम शब्दाचा घोळ उलगडू. इंग्रज मोठ्या मेंढीच्या मांसाला मटन म्हणतो आणि वर्षाच्या आतील कोकराच्या मांसाला लॅम्ब. आपण मटण म्हणतो ते बहुधा बोकडाचे. आपल्या जिल्ह्यांत मेंढ्या नाहीत असे नाही. कुरमार मेंढपाळ कळप राखतात, शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवून जमिनीला खत देतात. तरी अहेरीच्या अंगणात बांधलेली असते ती शेळी. बोकडाच्या मांसात चरबी कमी, मेंढीच्या मांसात अधिक. मेंढीची चरबी आपल्या शरीराच्या उष्णतेला वितळत नाही, तिला त्याहून जास्त ऊन लागते. म्हणून गार झालेले मेंढीचे मटण टाळूला मेणासारखे चिकटते. नॉर्वेतील गृहिणी आपले फोरिकोल कढत ताटलीत वाढते, ते या कारणाने.

हे फोरिकोल म्हणजे काय? मेंढीचे हाडासकट तुकडे, कोबीच्या मोठ्या फोडी, अख्खी काळी मिरी, मीठ आणि पाणी. थरावर थर रचून मंद आचेवर काही तास ठेवायचे. १९७२ साली नॉर्वेने त्याला राष्ट्रीय पक्वान्नाचा मान दिला. आयर्लंडचा स्टू पाहा: मानेचे स्वस्त मांस, बटाटे आणि कांदे. उझबेकी पलाव पाहा: थोडे मांस, पुष्कळ तांदूळ आणि गाजर. हैदराबादची हलीम पाहा: मांस, गहू, डाळी आणि तूप रात्रभर शिजवून घोटलेले, २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. देश चार, भाषा चार, पण अडचण एकच: मांस थोडे, तेही चिवट, आणि खाणारी तोंडे पुष्कळ. मेंढपाळाने आणि शेतकऱ्याने या अडचणीतून जी वाट काढली तीच पुढे पक्वान्न ठरली.

चिवटपणा जातो कसा, तेही पाहू. मान, मांडी, नळी हे जनावराचे राबणारे अवयव. त्यांत स्नायूंना बांधून ठेवणारे तंतू फार. खळखळ उकळी आणून घाई केली तर मांस आवळते आणि कोरडे पडते. एक उकळी फुटली की आच कमी करावी आणि झाकण ठेवून वेळ द्यावा. मग ते तंतू विरघळून रश्शाला दाटपणा येतो. कुकरमध्ये दाबामुळे उष्णता वाढते, म्हणून तेच काम लवकर होते. मसाला कितीही भारी घातला तरी आचेची ही चूक तो झाकू शकत नाही.

दुसरी युक्ती आंबटाची. जॉर्डनमध्ये मन्सफ करतात तो वाळवलेल्या दह्यात. काश्मिरी यखनीत ताजे दही असते. इराणात वाळवलेले लिंबू टाकतात. ग्रीक लोक लिंबू आणि अंडे फेटून रश्शाला लावतात. आंबटाने चरबीचा जडपणा तुटतो. मग अहेरीकरांजवळ काय आहे? आमच्याजवळ अंबाडी आहे! प्राणहितेच्या पलीकडे तेलुगू घरांत तिला गोंगूरा म्हणतात, आणि गोंगूरा घातलेले मटण तिकडे पाहुण्यासाठी करतात. नदी सरहद्द झाली तरी भाजीने ती मानली नाही.

कृती सोपी आहे. अर्धा किलो मटण लहान तुकडे करून कांदा, आले, लसूण, हळद, तिखट यांवर परतावे आणि पाणी घालून मऊ होईपर्यंत शिजवावे. अंबाडीची एक मोठी जुडी निवडून, धुऊन, पाने वेगळी थोड्या तेलात परतावी. ती आपोआप विरघळतात. मांस शिजल्यावरच हा लगदा त्यात मिसळावा आणि पाव तास मुरू द्यावे. मीठ शेवटी चाखून घालावे. ज्वारीची भाकर असो की भात, दोहोंशी ते जमते.

आता मुख्य मुद्दा. आपल्या गोंड आणि माडिया गावांत बोकडाचे वाटे पानांवर मांडून घरटी सारखे वाटण्याची रीत आहे. या रीतीचा आम्हांला अभिमान वाटतो. परंतु वाटा घरात आला की पुढे काय होते? तुकडे आधी पाहुण्याला, मग घरच्या कर्त्याला, मग मुलग्यांना. शेवटी बसणाऱ्या सुनेच्या पानात रस्सा पडतो. तिची समजूत घालायला आपण म्हणतो, ‘बाई, सारी ताकद रश्शातच असते.’

हे खरे नाही. रश्शात चव उतरते, मीठ उतरते, चरबी उतरते, विरघळलेले तंतूही थोडे उतरतात. पण शरीर भरून काढणारी प्रथिने आणि रक्ताला लागणारे लोह बव्हंशी तुकड्यांतच राहते. मांसातील लोह अंगी सहज लागते आणि सोबतच्या भाजीभाकरीतील लोहही ते अंगी लागू देते. ज्या मुलखात रक्तक्षय घरोघरी आहे, तेथे ज्या बाईला त्याची सर्वांत अधिक गरज, तिलाच आपण नुसत्या पाण्यावर बोळवतो. गावात समता आणि घरात पंक्तिभेद, हा न्याय कुठला?

म्हणून हलीमकडे आम्ही पुन्हा बोट दाखवतो. तीत मांस आणि गहू असे एकजीव होतात की कोणाला तुकडा वेचून घेता येत नाही. पहिल्या पानात जे पडते तेच शेवटच्या पानात पडते. आपल्या रश्शात मात्र न्याय पळीच्या हाती असतो. पळी धरणारा हात बहुधा त्याच बाईचा असतो, आणि तोच हात स्वतःच्या पानाशी येईतो भांडे रिकामे झालेले असते.

आमची सूचना लहान आहे. तुकडे लहान करा म्हणजे ते सर्वांना पुरतात. मांस थोडे असेल तर डाळ किंवा अंबाडी वाढवा. त्यात कमीपणा नाही, साऱ्या जगाने तेच केले आहे. आणि वाढण्यापूर्वी, गावात पानांवर मांडता तसेच, घरातल्या प्रत्येक माणसाचे वाटे वेगळे काढा. स्वयंपाक करणारीचा वाटा सर्वांत आधी निघावा.