नवी कंपनी आणि घरचा हिशेब

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात दिलेले भाषण)



मला विषय दिलाय ‘स्टार्टअपमधली नोकरी : धोका आणि फायदा’. सरकारी नोकराला हा विषय देण्यात अध्यक्षांनी थोडी गंमत केली असावी. पण गेली काही वर्षे गणपतीत कुणाच्याही घरी प्रसादाला गेलं की हाच विषय निघतो. मुलगा पुण्याला नाहीतर बेंगळुरूला असतो. नावाजलेली कंपनी सोडून कुठल्याशा वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीत जातो म्हणतो. आई गप्प, वडील तापलेले. मग मला म्हणतात, “तुम्हीच सांगा की त्याला चार शब्द.” यंदा माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत ही पाळी आली.

आपल्याला हे नवीन वाटतं, पण नवीन नाही. बेळगावला बाजाराला गेलो की किर्लोस्कर रोडवरून आपण जातोच. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म 1869 चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा राजीनामा देऊन बेळगावला आले. किर्लोस्कर बंधूंचा धंदा 1888 चा, सायकलीच्या दुकानापासूनचा. पुढे कडबा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. अशात ठळकवाडीची वस्ती वाढवायची म्हणून नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला सांगितली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळ आणि बिनव्याजी दहा हजार रुपये त्यांनी दिले. मार्च 1910 मध्ये तिथं किर्लोस्करवाडी सुरू झाली.

लक्ष्मणरावांवर भाषणं पुष्कळ होतात. मला बोलायचंय ते त्यांच्याबरोबर गेलेल्या पंचवीस कामगारांबद्दल आणि त्यांच्या बायकामुलांबद्दल. निवडुंग माजलेला, नाग फिरणारा माळ. कारखाना बुडाला असता तर मालकाचं नाव तरी राहिलं असतं. या माणसांचं काय राहिलं असतं? बेळगावातलं बिऱ्हाड मोडून त्या माळावर चूल मांडणाऱ्या बाईला त्या दिवशी काय वाटलं असेल, ते आज मुलाच्या नोकरीची काळजी करणाऱ्या आयांना बरोबर कळेल.

तरी ही माणसं डोळे झाकून गेली असं मला वाटत नाही. मालक स्वतः हातानं काम करणारा आहे हे उघड होतं. माल तयार होत होता. पैसा कुणाचा, हेही ठाऊक होतं. आणि त्यांना मिळालं काय, तर जुन्या पेढीत कुणी दिलं नसतं असं काम. के. के. कुलकर्णी शाळेत फारसे चमकले नव्हते, त्यांनी सगळ्या वसाहतीचा कारभार पाहिला. अनंतराव फळणीकर शिक्षण अर्धवट सोडलेले, ते इंजिनिअर म्हणून नावाजले. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. शंभोराव जांभेकर पडेल ते काम अंगावर घेणारे. डिप्लोमावाल्या माणसाला ही नावं वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू!

मात्र यात नशिबाचा भाग होता. चारच वर्षांत पहिलं महायुद्ध लागलं, परदेशी माल येणं रोडावलं आणि देशी नांगराला गिऱ्हाईक मिळालं. शिवाय त्या काळात निघून बंद पडलेल्या कारखान्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही.

अशा एका बंद पडलेल्या कारखान्यात मी होतो. 2003 मध्ये डिप्लोमा झाल्यावर बेळगावच्या उद्यमबागेत नव्या निघालेल्या एका छोट्या कारखान्यात लागलो. नाव सांगत नाही. आम्ही नऊजण. पहिलं वर्ष झकास गेलं. ड्रॉइंग वाचणं, मशीन लावणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, सगळं तिथं शिकलो. दुसऱ्या वर्षी पगार लांबायला लागला. मालक म्हणायचे, “बिल अडकलंय, पुढच्या आठवड्यात.” तीन महिन्यांचा पगार बुडाला. त्याच उन्हाळ्यात बहिणीचं लग्न होतं आणि थोरला असून मी घरात एक रुपया देऊ शकलो नाही. वडील काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मग परीक्षा दिल्या आणि सरकारी नोकरीत आलो. पण आजही ऑफिसात नकाशा उलगडला की जे चटकन कळतं, ते त्या बुडालेल्या कारखान्यात शिकलेलं आहे.

सरकारी नोकरी म्हणजे पक्कं, असं आपण म्हणतो. एप्रिल 2006 नंतर लागलेल्या आम्हा कर्नाटकातल्या नोकरांना जुनी पेन्शन नाही, आमचेही पैसे बाजारातच आहेत. ते असो.

तर भाचा आला. पगार आताच्यापेक्षा कमी, पण कंपनीचे शेअर देणार म्हणाला. ताई, म्हणजे जिच्या लग्नात मी रिकाम्या हातानं उभा होतो ती, समोर बसलेली. मी त्याला विचारलं, “शेअर हातात कधी?” सहसा चार वर्षांत थोडे थोडे मिळतात आणि वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही. शिवाय कंपनी बाजारात नोंदलेली नसेल तर ते विकायचे कुणाला? घेताना कर मात्र भरावा लागतो. मी म्हटलं, घरच्या हिशेबात ते शून्य धर. पुढे मिळाले तर बाप्पाचा प्रसाद.

मग म्हटलं, मालकाला तोंडावर विचार, बँकेत किती महिन्यांच्या पगाराचा पैसा आहे. यावर जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नकोस. कंपनीचा ताळेबंद कंपनी मंत्रालयाच्या वेबसाइटवर थोडी फी भरून पाहायला मिळतो, तो बघ. लागल्यावर पीएफचं पासबुक दर महिन्याला मोबाइलवर बघायचं. पैसे कापले जातात आणि भरले जात नाहीत, असं दिसलं की दुसरी नोकरी शोधायला लागायचं, पगार थांबायची वाट बघायची नाही. बायजूजचं सगळ्यांनी पाहिलंय. 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर किंमत सांगितली जात होती, पुढच्याच वर्षी पगार रखडले. म्हणून सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढ आणि तोवर घराचं कर्ज काढू नकोस. ज्याच्या पगारावर आईवडिलांचं औषधपाणी चालतं, त्याला मी जा म्हणणार नाही. दोघंही कमावती असतील आणि वय पंचविशीचं असेल तर मी अडवणार नाही.

त्यानं मालकाला खरंच विचारलं. अकरा महिन्यांचा पैसा आहे असं उत्तर आलं, कागदही दाखवले. ताई म्हणाली, “अकराच?” मी म्हटलं, “माझ्या मालकाकडं अकरा दिवसांचा नव्हता.” ती हसली नाही.

गौरीच्या आधी त्यानं राजीनामा दिला. एक तारखेला नवीन जागी हजर व्हायचंय. आत्ता तो मागं प्रसादाच्या पातेल्याजवळ उभा आहे. ज्यांना पगाराचा आकडा विचारायचा असेल त्यांनी त्यालाच विचारा, मला सांगायची बंदी आहे. आरतीची वेळ झाली. गणपती बाप्पा मोरया!