घरची लावणी, मोबाईलची घंटा

आंबेगांव तालुक्यांतील लोणी गांवाच्या शेजारचा तालुका जुन्नर. त्यांतील नारायणगांव ही तमाशाची पंढरी. तेथील विठाबाई नारायणगांवकर २००२ सालीं निवर्तल्या. लावण्यांची जुनी ध्वनिफीत ज्या घरांत असेल, तेथें मोबाईलची घंटा, म्हणजेच रिंगटोन, परकी कशाला हवी? फितीवरील गाणें संगणकांत उतरवावें, त्यांतील तीस सेकंदांचा तुकडा कापून मोबाईलवर लावावा. मात्र तुकडा विवेकानें निवडावा. मोबाईलच्या चिमुकल्या कर्ण्यांतून ढोलकीचा घुमारा नीट उमटत नाहीं. तुणतुण्याची तार व उंच स्वर स्पष्ट ऐकूं येतात. फीत काळानें झिजते. म्हणून तुकडा कापण्यापूर्वीं सबंध गाणें उतरवून निराळें जपावें. घंटा उद्यां बदलतां येईल. झिजलेली लावणी परत मिळणार नाहीं.