विंचवाचे बिऱ्हाड

अंदमानातील शहीद द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंतच्या नील बेटावर, मी उतरलो तो विंचवासारखा बिऱ्हाड पाठीवर घेऊन. आणि त्याचा मला अभिमानही होता! धक्क्यावर शहराकडे निघालेल्या भाजीच्या पाट्या रचल्या होत्या. ती पिकविणारे लोक पूर्व बंगालच्या निर्वासितांचे वंशज. फाळणीने उखडलेल्या त्या कुटुंबांना १९६० नंतरच्या दशकात सरकारने या रानात वसविले. गाठोडे त्यांच्याही पाठीवर होते. पण परतीचे तिकीट माझ्याच खिशात होते. गावांची नावे ऐका : सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. वनवास वाट्याला आला, तेथेच त्यांनी अयोध्या वसविली. मी मुकाट्याने पाठीवरची पिशवी खाली ठेवली.