हिरवें रान आणि निजलेलें रान

सह्याद्रीच्या रानांतला साग माघ-फाल्गुनांत पानें गाळून उभा राहिला कीं त्याची विश्रांति दुरूनहि ओळखूं येते. उत्तरेकडील शीत प्रदेशांतल्या सूचिपर्णी वृक्षांची गोष्ट निराळी आहे. कॅनडा, अलास्का, स्कँडिनेव्हिया येथील स्प्रूस, पाइन इत्यादि वृक्ष भर हिंवाळ्यांतहि हिरवे दिसतात; परंतु त्या हिरव्या पानांतली अन्न शिजविण्याची चूल महिनेच्या महिने विझलेली असते. झाडावर पान आहे, पानांत हरितद्रव्य आहे, आकाशांत सूर्य आहे, आणि तरीहि काम बंद! शेंकडों मैल उंचीवरून जाणाऱ्या उपग्रहाला हें कळावें कसें?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. पृथ्वीवरील एकंदर वनक्षेत्राचा चतुर्थांशाहून अधिक भाग ह्या उत्तरेकडील वनांनीं व्यापलेला आहे. कोळसा व तेल जाळून मनुष्य जो कार्बन डायऑक्साइड वायु हवेंत सोडतो, त्यांतील कांहीं भाग हीं वनें शोषून घेतात. तो भाग किती, ह्याचा हिशेब चुकला तर पुढील काळाच्या हवामानाचे अंदाजहि चुकतील.

ह्या हिशेबाची रूढ रीत अशी. पानांतलें हरितद्रव्य सूर्यप्रकाशांतला तांबडा रंग शोषून घेतें. उलट डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पान परत फेंकतें. 1972 सालीं अमेरिकेनें लँडसॅट मालिकेंतला पहिला उपग्रह सोडला, व त्यानंतर ह्या दोहोंच्या तुलनेवरून भूभागाची हिरवाई मोजण्याची पद्धति प्रचारांत आली. हिरवाईवरून पानांनीं किती प्रकाश घेतला हें काढावयाचें, त्या प्रकाशाचा किती अंश उपयोगांत येतो त्या प्रमाणानें त्याला गुणावयाचें, कीं प्रकाशसंश्लेषणाचा आंकडा हातीं येतो. पिकांना व पानझडी रानांना ही रीत बरीच लागू पडते. कारण तेथें काम थांबतें तेव्हां हिरवाईहि ओसरते. सदाहरित रानांत मात्र ती फसते. थंडीसाठीं हवेच्या उष्णमानावरून आंकडा कमी करण्याची सोय असते खरी. परंतु वसंतांत एक उबदार दिवस उजाडला म्हणून झाड त्याच दिवशीं जागें होत नाहीं. त्याला कित्येक दिवस, कधीं आठवडेहि लागतात. आणि मध्येंच हिमाची एखादी रात्र आली कीं तें पुन्हां मागें सरतें. त्यांत बर्फाची भर. जमिनीवरचा व फांद्यांवरचा बर्फ वितळला कीं दृश्य एकाएकीं हिरवें होतें, आणि नवी पालवी फुटल्याचा भास होतो.

झाड असें कां वागतें? प्रकाश पकडण्याच्या क्रियेवर थंडीचा परिणाम फारसा होत नाहीं. पण पकडलेल्या शक्तीपासून साखर बनविणारीं द्रव्यें थंडीनें मंदावतात, आणि गोठलेल्या मातींतून पाणीहि मिळत नाहीं. आवक चालू आणि खप बंद, अशी ही स्थिति. सांचलेली शक्ति पानालाच अपाय करूं लागेल. म्हणून पानांतलीं कांहीं पिवळीं रंगद्रव्यें रूप पालटतात, आणि जादा शक्ति उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकली जाते. उन्हाळ्यांत ही व्यवस्था घटकाभराची असते. हिंवाळ्यांत ती महिनोमहिने टिकते.

ह्या स्थितीची खूण पानाच्या स्वतःच्या उजेडांत सांपडते. शोषलेल्या प्रकाशापैकीं शेंकडा एक-दोन भाग हरितद्रव्य तांबूस प्रकाशाच्या रूपानें परत देतें. ह्याला प्रतिदीप्ति म्हणतात. भर उन्हांत हा अंधुक उजेड वेगळा काढावा कसा? येथें एक जुना शोध उपयोगी पडला. सूर्याच्या वर्णपटांतील बारीक काळ्या रेषांचा पद्धतशीर अभ्यास जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफर ह्यानें 1814 च्या सुमारास केला होता. त्या रेषांच्या जागीं सूर्याचा प्रकाश फार कमी असतो. पानाचा उजेड त्यांत उतरला कीं रेषा किंचित् फिकी पडते. जपाननें 2009 सालीं हवेंतील कार्बन डायऑक्साइड मोजण्यासाठीं सोडलेल्या गोसॅट उपग्रहाच्या नोंदींतून हीच खूण हुडकण्यांत आली, आणि 2011 सालीं पृथ्वीवरील प्रतिदीप्तीचे नकाशे प्रसिद्ध झाले.

पण थंडींत ही खूण खरें बोलते काय? ह्याची परीक्षा अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत, रॉकी पर्वतावरील नायवॉट रिज येथें, सुमारें 3,050 मीटर उंचीवरच्या सूचिपर्णी रानांत झाली. तेथील मनोऱ्यावर रान किती वायु घेतें हें मोजणारीं उपकरणें होतीं, आणि प्रतिदीप्ति टिपणारें यंत्रहि होतें. ट्रॉय मॅग्नी व त्यांचे सहकारी ह्यांनीं 2019 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. पानांतलें हरितद्रव्य वर्षभर जवळ जवळ तेवढेंच राहिलें. प्रतिदीप्ति मात्र प्रकाशसंश्लेषणाबरोबर हिंवाळ्यांत उतरली आणि वसंतांत चढली. पिवळ्या रंगद्रव्यांचा पालटहि त्याच क्रमानें झाला.

तथापि ही नवी खूणहि डोळे मिटून मानण्याजोगी नाहीं. हिंवाळ्यांत उत्तरेकडे सूर्य क्षितिजालगत असतो, आणि मुळांतली अंधुक खूण अधिकच अंधुक होते. शिवाय प्रतिदीप्ति व प्रकाशसंश्लेषण ह्यांचें परस्पर प्रमाण कडक थंडींत उन्हाळ्यासारखेंच राहील असें नाहीं. म्हणून आकाशांतल्या डोळ्याला जमिनीवरच्या मनोऱ्याची साक्ष लागतेच.

पृथ्वीचें उष्णमान वाढत आहे, आणि उत्तरेकडील वसंत पूर्वीपेक्षां लवकर येऊं लागला आहे. त्या लवकर आलेल्या वसंताचा लाभ रान खरोखर किती घेतें, हें नुसत्या रंगावरून ठरवितां येणार नाहीं. हिरवें दिसणें निराळें आणि कामास लागणें निराळें, हा धडा शास्त्रज्ञांना ह्या थंडीनेंच दिला.